राखून ठेवलेल्या तीन चकत्या

सोमवार, ४ नोव्हेंबर

ताई,

जुलैच्या पत्रात मी तुला लिहिलं होतं की तू सासरहून पाठवलेल्या चकत्या घरी सगळ्यांनी आवडीने खाल्ल्या आणि बाबांनी दुसऱ्यांदा मागून घेतल्या. ते चुकीचं आहे. बाबांनी दुसऱ्यांदा मागून घेतल्या नाहीत. पहिल्यांदाही खाल्ल्या नाहीत. आईने खाल्ल्या नाहीत, मीही नाही. डबा उघडला त्याच दुपारी चकत्या कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत गेल्या.

हे चार महिन्यांनी कळवते आहे, कारण परवा तुझं पत्र आलं. आजवर तुझी पत्रं भावोजींच्या अक्षरात यायची आणि माझी पत्रं तेच तुला वाचून दाखवायचे. त्यामुळे मी लिहायला बसले की एका कागदावर दोन माणसांसाठी लिहायचे, आणि अशा पत्रात साखर जरा जास्तच पडते. परवाचं पत्र मात्र तुझ्या हातचं आहे. छोटीच्या पहिलीच्या पुस्तकावरून तू वाचायला-लिहायला शिकलीस, आम्हाला कोणाला न सांगता. त्याच पत्रात तू लिहितेस, 'बाबांनी खाल्लं म्हणजे राग गेला. आठ वर्षं पुरे झाली. आम्ही तिघं सात डिसेंबरला येतो. तिकिटं काढली.'

ताई, तू घरच्यांविरुद्ध लग्न करून लांब गेलीस, त्याचा बाबांचा राग गेलेला नाही. तो फक्त माझ्या पत्रात गेला होता.

आपली पत्रं स्पीड पोस्टाने एक-दोन दिवसांत पोचतात, पण चकत्या साध्या टपालात नऊ दिवस होत्या. वाटेत खराब झाल्या असाव्यात. यात तुझा दोष नाही, कोणाचाच नाही. पण आत्ता येऊ नका. घर तेच आहे, दारही तेच आहे, आणि तुझं नाव निघालं की बाबा अजूनही उठून बाहेर जातात. छोटीने पहिल्यांदा आजोबांना पाहावं आणि तेही पाठमोरं, असं मला वाटत नाही. तिकिटं परत करता येतात का बघ.

फोन का करत नाहीस, असं विचारलं आहेस. फोनवर तू 'काय चाललंय' म्हणायच्या आधीच माझ्या तोंडून 'सगळं ठीक' निघून जातं. कागदावर निदान खोडता येतं.

तुझी,
मास्तरीण


सोमवार, ११ नोव्हेंबर

ताई,

तुझं उत्तर मिळालं. 'तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्या दोन वेळा नुसती अक्षरं लागली, तिसऱ्या वेळी राग आला,' हे वाक्य मी माझ्याबरोबर खोलीत राहणाऱ्या नर्सला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तुझ्या बहिणीला भेटायला हवं." पुढचं वाक्य मी तिला वाचून दाखवलं नाही.

पुढचं वाक्य असं आहे: 'चकत्या खराब होत नाहीत. त्यांचा वास तसाच असतो. सहा महिने टिकतात. तळाला कागद ठेवला होता, तो वाचला नाहीस का?'

वाचला. मागच्या पत्रात 'वाटेत खराब झाल्या असाव्यात' लिहिलं, तेही दुरुस्त करते. त्या खराब झाल्या नव्हत्या आणि हे मला जुलैतच माहीत होतं, कारण तो कागद मी वाचला होता. फक्त उशिरा वाचला. चकत्या कुंडीत गेल्यावर, डबा घासायला घेताना.

कागद माझ्याजवळ आहे. पाच ओळी आहेत. 'डबा उघडून तासभर ठेवा. वास उडू द्या. मग तव्यावर तेलाशिवाय भाजा, दोन्हीकडे डाग पडेपर्यंत. कच्च्या खाऊ नका. पहिली बाबांना द्या.'

ते अक्षर मी छोटीचं समजले होते. तू सांगितलंस, लेकीने लिहिलं, असं काहीतरी असेल म्हणून सोडून दिलं. परवा तुझं पत्र शेजारी ठेवून पाहिलं. 'ब'चं पोट दोन्हीकडे सारखंच फुटलेलं आहे. म्हणजे ताई, तू आयुष्यात पहिल्यांदा जे लिहिलंस ते हे होतं. माझ्या सगळ्या पुस्तकांना कव्हरं तू घालायचीस. एकदा इतिहासाच्या पुस्तकाला उलटं घातलंस, आणि मी वर्षभर वर्गात पुस्तक उलटं धरून बसते असं सगळे म्हणायचे. मी ते काढलं नाही. पण तुझी पहिली पाच ओळींची चिठ्ठी मी घडी करून पाकिटात टाकली आणि आईला म्हणाले, "काही नाही, डब्याच्या तळाला घालतात तसला कागद आहे."

आईने मान डोलावली. तिला कागद आणि पत्र यांतला फरक मीच सांगत आले आहे.

मी असं का म्हणाले, ते तू विचारशीलच. आज एवढंच लिहवतं आहे.

मास्तरीण


रविवार, १७ नोव्हेंबर

ताई,

'गुळगुळीत करू नकोस. शिकलीस की नुसती शहाणी झालीस, ते एकदा ठरव. तिकिटं परत करणार नाही. बाबांनी दार उघडलं नाही तर पायरीवर बसू, छोटीला पाढे म्हणायला लावू.' हे तुझं पत्र. ठीक आहे. आता डबा उघडला त्या जुलैतल्या शनिवारचं क्रमाने लिहिते.

डबा बुधवारीच घरी आला होता. आईने तो उघडला नाही. 'वाचणारी येऊ दे,' म्हणून कपाटावर ठेवला. तीन दिवस रोज फडक्याने पुसत होती. बाबांनी तो पाहिला आणि काही बोलले नाहीत. हे तुला आधी सांगितलं नव्हतं. आठ वर्षांत तुझ्याकडून आलेली वस्तू घरात तीन दिवस राहिली आणि बाबा काही बोलले नाहीत.

मी शनिवारी साडेदहाला पोचले. शनिवारी वखार बंद असते, म्हणून बाबा घरी होते. एरवी सुटीच्या दिवशीही ते करवतीची पाती घेऊन मागे धार लावत बसतात. त्या दिवशी ते आत स्टुलावर बसले होते. हात धुतलेले, गुडघ्यावर टॉवेल.

आईने डबा उघडला आणि मान मागे घेतली.

"अगं बाई! हा कसला वास?"

"मला काही येत नाही," बाबा म्हणाले. "माझ्या नाकात तीस वर्षांचा भुसा. मला अत्तर काय नि गटार काय, सारखंच."

"असाच असतो की काय त्यांच्याकडे?" आई म्हणाली. "ओल्या गोणपाटासारखा आहे बघा. आणि वर काहीतरी आंबट."

"मग मास्तरीणबाईंना विचार ना. पगार कशाचा घेतात?"

ते हसत होते, ताई. चेष्टेत बोलत होते. आईने डबा माझ्यासमोर धरला. राखाडी-हिरव्या, तळहाताएवढ्या, वाळवलेल्या पातळ चकत्या, एकवीस. (जुलैच्या पत्रात मी 'वीस-बावीस' लिहिलं होतं. एकवीसच होत्या. नंतर मोजल्या.) मी आमच्या बिस्किटांच्या कारखान्यात घेतात तसा वास घेतला. लांब श्वास नाही, तीन तुटक. आमच्या चाचणी-खोलीत मी रोज दोनशे बिस्किटांचे वास घेते. त्यांत असला वास आला तर त्याचा एकच अर्थ असतो.

"नासलंय," मी म्हणाले. "खाऊ नका. पोट बिघडेल."

"नक्की?" बाबांनी विचारलं.

"नक्की."

"बघ हं. एकदा अजून बघ."

"बाबा, हे माझं रोजचं काम आहे."

बाबांनी टॉवेल गुडघ्यावरून उचलला, घडी घातली आणि खुंटीला लावला. मग म्हणाले, "एवढ्या लांबून पाठवलं, तेही नासकं." आणि मागे जाऊन पात्याला धार लावायला बसले. आई डबा हातात धरून तशीच उभी होती. ती म्हणाली, "तू म्हणतेस तर असेल." तिने तुझ्यासाठी भांडावं असं मला त्या क्षणी वाटलं, पण भांडणार कशाच्या जोरावर? तिच्याकडे नाक होतं आणि माझ्याकडे सर्टिफिकेट.

आमच्या चाचणी-खोलीत भिंतीवर नियम लावले आहेत. अक्षर सुवाच्य म्हणून मोठ्या बाईंनी ते माझ्याकडून लिहून घेतले. मोठ्या बाई म्हणजे खोलीच्या प्रमुख. पहिला नियम: अनोळखी नमुना असेल तर आधी सोबतचा कागद वाचावा, मग नाक लावावं. दुसरा: एका नाकाचा शेरा धरू नये. तिसरा: शंका असल्यास दहा मिनिटं थांबून पुन्हा पाहावं. मी तिन्ही नियम एका मिनिटात मोडले, आणि तेही शिकवल्यासारख्या आवाजात.

कागद सापडला तेव्हा बाबा मागे होते. वीस पावलांवर. मी जाऊन वाचून दाखवला असता तर ते बहुतेक कुंडीपर्यंत चालत गेले असते. मी गेले नाही. भीती वाटली. पण कशाची, ते नीट सांगते, नाहीतर तू म्हणशील बाबांची. बाबांची नाही. आपल्या घरात शिकलेलं माणूस एकच, म्हणून तर मी मास्तरीण. औषधाच्या बाटलीवरचं, वखारीच्या नोटिशीवरचं, तुझ्या पत्रातलं, जे काही आहे ते घरात माझ्या तोंडून येतं. त्या तोंडून चुकीचं आलं तर मग कशावर विश्वास ठेवायचा, असं ते विचारतील, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मी उत्तराऐवजी तुला पत्र लिहिलं. 'बाबांनी दुसऱ्यांदा मागून घेतल्या.'

त्या दिवसापासून बाबा तुझा विषय निघाला की 'नासकं पाठवणारी' म्हणतात. तो शब्द माझा आहे. मी दिलेला आहे.

मास्तरीण

ता. क. आणखी एक गोष्ट आहे. आईने चकत्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, त्याआधी मी तीन काढून घेतल्या. सवयीने. कारखान्यात प्रत्येक घाण्यातला थोडा माल सील करून, तारीख घालून ठेवतात. त्याला राखीव नमुना म्हणतात. नाकारलेल्या मालाचाही ठेवायचा असतो, उद्या कोणी म्हणालं की तुमचाच शेरा चुकीचा होता, तर दाखवायला. तीन चकत्या पिशवीत, तोंड मेणबत्तीवर धरून चिकटवलेलं, वर जुलैची तारीख. माझ्या ट्रंकेत आहेत. चार महिने मी ट्रंक उघडते तेव्हा कपडे एका बाजूने काढते.


गुरुवार, २१ नोव्हेंबर

ताई,

काल संध्याकाळी एक चकती खाल्ली. तुझं पत्र आलं म्हणून नाही, ते यायच्या आधीच. बाबांना काही सांगायचं तर आधी स्वतः खायला हवी, एवढाच विचार होता. ज्या वस्तूवर शेरा मारला, ती मी जिभेला लावलीसुद्धा नव्हती.

पिशवी कापली आणि नर्स पलंगावरून उठून बसली.

"काय मेलंय इथे?"

"खाऊ आहे. माझ्या ताईकडचा."

"ताईशी भांडण आहे का?"

"आठ वर्षं."

"वास चार महिन्यांचाच वाटतोय," ती म्हणाली आणि खिडकी उघडली. ती दिवसभर जखमा धुते, तरी खिडकी उघडली. हे मी मुद्दाम लिहिते. वास खरोखर तसा आहे. मी तो वास कल्पनेने काढला नव्हता. तेवढं माझ्या बाजूने.

तुझ्या कागदाप्रमाणे तासभर चकती ताटलीत उघडी ठेवली. घड्याळ लावून. चाळीस मिनिटांनी गोणपाट गेलं. तासाने आंबटही फिकं झालं. मग तव्यावर, तेलाशिवाय. कडा आधी वर आल्या, मग मध्यभागी डाग पडले, आणि एकदम वेगळाच वास सुटला. भाजलेल्या दाण्यांचा म्हणावा तर तसा नाही. इस्त्रीखालच्या सुती कापडाचा म्हणावा तर थोडासा तसा. नर्स म्हणाली, "अरे, हे तर काहीतरी भलतंच झालं," आणि तव्याजवळ येऊन उभी राहिली.

मी कारखान्यातला फॉर्म भरायला घेतला होता. तो तसाच तुला उतरवून देते.

रंग: राखाडी-हिरवा, भाजल्यावर तपकिरी ठिपके.
पोत: कडकडीत. दातांखाली मोडते, मग लगेच मऊ.
चव: आधी आंबट, इतकी की डोळा मिटतो. मग मीठ. मग काही नाही.

इथे मी पेन खाली ठेवलं. 'मग काही नाही' हे लिहून झालं होतं. आमच्याकडे घास तोंडात घेतल्यावर मनात दहा अंक मोजतात, मग थुंकतात, कोमट पाण्याने चूळ भरतात आणि पुढचा नमुना घेतात. मी सवयीने दहा मोजले. पण थुंकले नाही, घरची वस्तू म्हणून गिळली. आणि पंधरा-सोळाच्या सुमारास, जिभेच्या अगदी मागे, गोड लागलं. साखरेचं नाही. हळूहळू वाढत गेलं आणि पाणी प्यायल्यावर आणखी वाढलं. आमच्या चाचणी-खोलीत ही चकती कोणालाही दिली असती तरी कोणाच्या फॉर्मवर गोड हा शब्द आला नसता. तोवर सगळ्यांनी चूळ भरलेली असते.

अर्धी मी खाल्ली, अर्धी नर्सने. तिने बोटं चाटली आणि विचारलं, "अजून आहेत?"

"दोन आहेत."

"मग?"

"त्या मोजलेल्या आहेत."

"कंजूष," ती म्हणाली.

शेऱ्याच्या जागी मी लिहिलं: 'योग्य. पूर्वीचा शेरा रद्द.' खाली सही केली. मग वाटलं, सही मी नोकरीत करते तशी केली आहे. खोडून घरच्या नावाने केली.

आज दुपारपर्यंत पोट बिघडलेलं नाही. हेही कळवायला हवं.

आता तुझं पत्र. 'नवीन डबा करून पाठवते, या वेळी कागद वर ठेवते, हवं तर झाकणाला शिवते,' असं तू लिहिलं आहेस. पाठवू नकोस. नवीन डबा आला आणि बाबांनी खाल्ला, तरी ते म्हणणार की पहिला नासका होता म्हणून पोरीने दुसरा पाठवला. माझा शब्द तसाच उभा राहील, उलट पक्का होईल. जुलैच्या त्याच डब्यातल्या दोन आहेत. एक बाबांची, एक आईची. त्याच लागतील.

'नाकाने कांदे सोलायची तुला नोकरीच लागली आहे,' हे वाक्य भावोजींनी सांगितलं की तुझं तू लिहिलंस? तुझंच असणार. टोमणा असला की शुद्धलेखनात तुझी एकही चूक होत नाही.

मास्तरीण


मंगळवार, २६ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र छोटं आहे म्हणून मीही फार लांबवत नाही. 'आईला आधी सांग, ती बाबांना सांगेल,' असं तू सुचवलंस. मी दिवसभर तसंच करायचं ठरवलं होतं. पण मग आई ते स्वतःच्या अंगावर घेईल. 'मीच म्हटलं वास येतो,' असं सांगून मोकळी होईल आणि मला सोडवेल. जुलैतही ती तेच करत होती. 'तू म्हणतेस तर असेल.' म्हणून तिला वेगळं सांगणार नाही. दोघांना एकदम सांगेन.

काल मोठ्या बाईंकडे शनिवारची सुटी मागितली. म्हणाल्या, "घरी काही कार्य आहे का?" मी म्हणाले, "एक नमुना पुन्हा तपासायचा आहे." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "घरी?" "हो." "कोणाचा शेरा?" "माझा." त्यांनी सही केली. जाताना म्हणाल्या, "मग दुसरं नाक बरोबर ने." मी सांगितलं, तिथे दोन आहेत. एकात भुसा आहे, पण चालेल.

मी काय करणार ते लिहून ठेवते. मागाहून कमी केलं तर तुला कळेल.

घरी गेल्यावर चहा होऊ देणार नाही. चहा झाला की माझी जीभ 'सगळं ठीक'वर जाते. बाबांना स्टुलावर बसायला सांगेन. आधी हे सांगेन की चकत्या नासल्या नव्हत्या, मी चुकले होते, आणि चुकले हे त्याच दुपारी मला कळलं होतं. मग तुझा कागद वाचेन. पाचही ओळी, शेवटची धरून, आणि सांगेन की हे अक्षर छोटीचं नाही, ताईचं आहे, तिने लिहिलेलं सगळ्यात पहिलं. मग हेही सांगेन की बाबांनी खाल्लं असं खोटं मी तिला कळवलं, त्यावर ती सात तारखेला येते आहे, आणि आता खरं कळूनही येते आहे. मग पिशवी कापेन. तासभर लागेल. त्या तासात बाबा उठून मागे गेले तर मी त्यांच्या मागे जाणार नाही आणि चकत्या उचलूनही ठेवणार नाही. तासाने तवा तापवेन. पहिली बाबांची.

ते खातील का, मला माहीत नाही. तू विचारलंस, 'तुझा अंदाज काय?' माझे अंदाज घेऊन आपण सगळे कुठे आलो ते तू पाहते आहेस. ते म्हणतील, इतकं शिकवलं ते यासाठी? म्हणू देत. वखारीच्या नोटिशी पुन्हा दोनदा वाचायला लावतील. वाचेन. कदाचित आई विचारेल, याआधी आणखी काय काय बदलून वाचलंस? त्याचीही यादी केली आहे. अकरा गोष्टी आहेत. त्यातल्या नऊ तुझ्या पत्रांतल्या.

जे होईल ते त्याच दिवशी तुला लिहीन, आणि या वेळी काय झालं ते झाल्यावर लिहीन. तुला सोमवारपर्यंत मिळेल. गाडी शुक्रवारी रात्रीची आहे, म्हणजे निघावं की नाही हे ठरवायला चार दिवस राहतील. पायरीवर बसायचं असेल तर छोटीला पाढे बारापर्यंत तरी पाठ करून आण, बाबा तेरापासून पुढे अडकतात.

बस सकाळी सहा चाळीसची आहे. तिकीट काढलं. चकत्या कपड्यांत ठेवलेल्या नाहीत, हातातल्या पिशवीत ठेवणार आहे, तुझा कागद त्यांच्या वर. साडेदहाला मी दारात असेन. शनिवारी, तीस नोव्हेंबरला.

मास्तरीण